रँकिंग हजाराच्या पलीकडे, मग पोराला थांबवायचं का?

खेळणाऱ्या पोरांचे आईबाप माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो, पैसा चालला, वय चाललं, आता याला थांबवायचं का? कबड्डीवाले येतात, कुस्तीवाले येतात, पण वरुडकडच्या एका संत्रावाल्या शेतकऱ्याचा मुलगा टेनिस खेळायचा, त्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आधी बाबा एकटेच आले. "मॅडम, पोट्टं घरी आल्यापासून बोलतच नाही जी. जेवते, झोपते, मोबाईल पाहत राह्यते. त्याले म्हणा ना, सोड आता." पोरगा चोवीसचा, लहानपणापासून नागपूरला आत्याकडे राहून खेळला, जागतिक रँकिंग हजाराच्या पलीकडे अन् गावातले विचारतात टीव्हीवर कधी दिसतोस.

मी त्याच्याकडूनच सगळं समजून घेतलं. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय टेनिसमधली सगळ्यात खालची स्पर्धा एम 15, एकूण बक्षीस 15,000 डॉलर. ऐकायला मोठं वाटतं, पण एकेरी जिंकला तर 2,160 डॉलर अन् पहिल्याच फेरीत हरला तर दीडशेच्या आसपास, त्यातूनही टॅक्स कापला जातो, आणि विमान, व्हिसा, खोली, जेवण, रॅकेटचं गटिंग (तारा बसवणं) सगळं स्वतःच्या खिशातून. ट्युनिशियात मोनास्टीरला आठवड्यामागून आठवडे स्पर्धा असतात म्हणून हा तिथेच मुक्काम ठोकायचा, एका खोलीत दोघं-तिघं, कोच नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2013 चे आकडे तपासले तेव्हा पुरुषांचा खर्च अन् बक्षीस साधारण 336 व्या रँकला बरोबरीत येत होते, तेही कोचचा खर्च न धरता! सुमित नागल भारताचा नंबर एक असताना, सप्टेंबर 2023 मध्ये म्हणाला होता की खात्यात 900 युरो आहेत. 2024 पासून एटीपीने, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या संघटनेने, किमान कमाईची हमी सुरू केली, पण ती रँकिंगमधल्या पहिल्या अडीचशेंपुरती.

बाबांना वाटायचं पोरगा दर आठवड्याला हरतो म्हणजे त्याच्यात दम नाही. मी कागदावर 32 जणांचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार तो तक्ता, काढला अन् दाखवलं की यातले 31 हरूनच घरी जातात, दर आठवड्याला, सगळीकडे. ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

पोराला हरण्याचा त्रास होताच, पण त्याहून जास्त भीती रँकिंगच्या पॉइंटची. कमावलेला पॉइंट 52 आठवड्यांनी वजा होतो, म्हणजे मागच्या वर्षी जिंकलेली मॅचसुद्धा यंदा छातीवर बसलेली. वरून सट्टेवाल्यांचे मेसेज. इतक्या छोट्या मॅचवरही लोक जगभरातून पैसे लावतात अन् हा हरला की रात्री शिव्या येतात, आईवरून, मर म्हणून. तो ते एकेक वाचायचा. मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? (असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो हा गैरसमज आहे, विचारावंच.) म्हणाला, "कधी कधी वाटते सकाळ झालीच नाही तर बरं."

मग टेनिसचा प्रश्न बाजूला. आधी मानसोपचारतज्ज्ञ, झोपेसाठी अन् उदासीसाठी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर त्याच्या अन् बाबांच्या दोघांच्या फोनमध्ये. अनोळखी लोकांचे मेसेज बंद अन् इन्स्टाचा पासवर्ड आत्याकडे. या गोष्टी झाल्याशिवाय सोड-नको सोड यावर बोलायचंच नाही हे मी बाबांना स्पष्ट सांगितलं, कारण अशा अवस्थेत घेतलेला निर्णय, कुठलाही असो, त्याचा नसतो.

झोप सुधारल्यावर दोघांना समोरासमोर बसवलं अन् हिशेब लिहायला लावला. घरात कोणी आकडा कधी उच्चारलाच नव्हता. पोराच्या मनात होतं की घराचं सगळं कर्ज आपल्यामुळे आहे. लिहिल्यावर दिसलं की मोठा खड्डा फळगळीने पाडला होता, बाग गळली त्या वर्षीचा. टेनिसचा खर्चही कमी नव्हता अन् तो कमी आहे असं मी त्याला भासवलंही नाही. बाबा म्हणाले, "पैशाचं नाही रे मले, तू माह्यासमोर बसत नाही त्याचं आहे." पोरगा रडला, बाबाही.

मग शेतकऱ्याला जमतं तसंच ठरवलं, एका वर्षाचं बजेट, रक्कम आधी ठरलेली, त्यावर एक रुपया नाही. परदेश नाही, भारतात होणाऱ्या स्पर्धाच. हरलेल्या आठवड्यात निर्णय नाही अन् फोनवर तर नाहीच. बाबांनी विचारायचं तर "जिंकला का" नाही, "जेवला का".

म्हणून थांबवायचं का असं विचारणाऱ्यांना मी म्हणते, आधी पोराची झोप बघा, मग आकडे टेबलावर मांडा, अन् थांबायचं ते त्याला ठरवू द्या, तुम्ही फक्त किती देऊ शकता ते खरं खरं सांगा.

सध्या तो नागपुरात सकाळी लहान मुलांना शिकवतो, त्यातून स्वतःचा खर्च बराचसा निघतो, दुपारी प्रॅक्टिस. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होतंय. खेळायचं की थांबायचं ते अजून ठरलेलं नाही, संत्र्याच्या मृग बहाराचा पैसा हातात आला की तिघं बसणार आहेत, तो, बाबा अन् आत्या.