पूर ओसरल्यावर पहिल्यांदा जाताना

जय ख्रिस्त. आपल्या चर्चच्या मंडळीबरोबर पहिल्यांदाच पूरग्रस्त घरांतला गाळ काढायला येतोयस, म्हणून आधीच सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावरच खरं काम सुरू होतं. गाळ ओला असतानाच ओढायचा. एकदा वाळला की खोऱ्याला दाद देत नाही. घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे ना, ते बघ. गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नकोस, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणाऱ्या तापाची, भीती असते. कपाट हलवण्याआधी काठीनं ठोक, सापही आडोशाला बसलेले असतात.

घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही फेकायचं नाही. भिजलेला लग्नाचा फोटो आपल्याला कचरा दिसतो, त्यांना नाही. एखादी मावशी बोलायला लागली की खोरं ठेव आणि बस तिच्याजवळ. मी तर याला उपासनाच मानते. प्रार्थना करू का, असं विचार. नको म्हणाली तर मनातल्या मनात कर. धान्य देताना जात-धर्म विचारायचा नाही, फोटो काढायचा नाही.

डबा घरूनच आण, त्यांच्या चुलीवर आपला भार नको.