दुधातला प्रोटीनचा कण आतून कसा असतो?

प्रश्न: आमच्या गायीच्या पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस केला, नुसता वाफवला तरी वडी पडेल इतका घट्ट झाला. पण रोजचं दूध कितीही उकळा, पातळच राहतं, आणि त्यातच लिंबू पिळलं की लगेच फाटतं. लेक बारावीला आहे, ती म्हणते प्रोटीनचे गोळे उष्णतेनं उघडतात म्हणून खरवस होतो. मग रोजच्या दुधातले का नाही उघडत?
– एक वाचक, वाई

उत्तर: ताई, तुमच्या लेकीचं खरवसाबद्दल अगदी बरोबर आहे, फक्त रोजच्या दुधात जे मुख्य प्रोटीन असतं ना, त्यात उघडण्यासारखं काही नसतंच!

गायीच्या दुधातलं साधारण ८० टक्के प्रोटीन म्हणजे केसीन. उरलेलं निवळीतलं, म्हणजे दही टांगल्यावर जे पाणी गळतं त्यात जाणारं. हे निवळीतलं प्रोटीन नीट घडी घातल्यासारखं गुंडाळलेलं असतं, तापलं की घडी मोडते आणि ते एकमेकांना चिकटतं, अंड्याचा पांढरा भाग शिजतो ना अगदी तसंच. चिकात वासराला रोगापासून वाचवणारी प्रोटीन्स प्रचंड असतात आणि ती सगळी याच जातीची, म्हणून खरवस नुसत्या वाफेवर जमतो. केसीनची साखळी मात्र आधीपासूनच सैल, मोकळी. घडीच नाही तर मोडणार काय? म्हणून तर टेट्रापॅकचं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवतात तरी ते फाटत नाही.

आता कण. केसीनच्या हजारो साखळ्या एकत्र येऊन एक कण होतो, त्याला केसीन मायसेल म्हणतात. सरासरी दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत चार-पाचशे कण ओळीनं बसतील. पुष्कळांना वाटतं हा कण गोटीसारखा टणक असेल, तसा तो अजिबात नाही, त्यात प्रोटीनपेक्षा पाणी जास्त असतं, एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम, म्हणजे भिजलेला स्पंजच म्हणा. जुन्या पुस्तकांत लहान गोळ्यांचा मिळून मोठा गोळा अशी आकृती दिसते, पण आता बहुतेक अभ्यासक मानतात की साखळ्यांचा सैल गुंता असतो आणि त्यात जागोजागी कॅल्शियम फॉस्फेटचे अगदी बारीक, काही नॅनोमीटरचे पुंजके अडकलेले असतात, तेच गुंता धरून ठेवतात. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की एवढं कॅल्शियम आणि फॉस्फेट नुसत्या पाण्यात विरघळून राहूच शकत नाही, केसीननं ते धरून ठेवलं नसतं तर जनावराच्या कासेतच खडे झाले असते. दुधातलं जवळजवळ दोन तृतीयांश कॅल्शियम या कणांमध्येच बसलेलं असतं.

आणि कणाच्या बाहेरच्या अंगाला कप्पा केसीन नावाचं प्रोटीन असतं, त्याची टोकं पाण्यात केसांसारखी बाहेर आलेली. या लवेमुळे आणि तिच्यावरच्या ऋण भारामुळे दोन कण जवळ आले तरी चिकटत नाहीत. दूध पातळ राहतं ते हिच्याच जिवावर.

लिंबू पिळलं की दोन्हीकडून घात होतो बघा. आंबटपणा वाढला की आतलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं, बाहेरचा भार कमी होत जातो, लव आडवी पडते, आणि पीएच ४.६ च्या आसपास आला की कण एकमेकांना धरतात. दूध गरम असेल तर इतकं आंबटही व्हावं लागत नाही, म्हणून रात्रीचं किंचित आंबलेलं दूध पातेल्यात बरं दिसतं आणि गॅसवर ठेवलं की नासतं. वासराच्या पोटात तिसरीच तऱ्हा, तिथलं कायमोसिन हे एन्झाइम कप्पा केसीनची साखळी नेमकी एका जागी कापतं, १०५ आणि १०६ क्रमांकाच्या दुव्यांमध्ये. लव गळून पडते आणि दुधाचा चक्क गोळा होतो. चीज असंच करतात.

उकळण्याचा काहीच परिणाम होत नाही असं नाही हं. रोजच्या दुधातल्या निवळीच्या प्रोटीनची घडी तेव्हा मोडते आणि त्यातलं बरंचसं जाऊन त्या कप्पा केसीनला चिकटतं, म्हणून तापवलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं आणि कच्च्या दुधाचं ढिलं. एकाच विरजणानं दोन्ही दुधांच्या दोन वाट्या लावून बघा, चमचा घातला की लगेच कळतं.

लेकीला कण दाखवायचे असतील तर पेलाभर पाण्यात साय काढलेल्या दुधाचे पाच-सहा थेंब टाका आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं मारा. शेजारून बघितलं तर पाणी निळसर दिसेल आणि समोरून टॉर्चकडे बघितलं तर पिवळट-तांबूस. कण इतके बारीक की निळा प्रकाश जास्त विखुरतात.

एक कळकळीचं सांगते, चक्का टांगता तेव्हा खालचं पाणी ओतून देऊ नका, दही आंबताना विरघळलेलं बरंचसं कॅल्शियम त्यातच उतरलेलं असतं. आमच्याकडे ते थालीपीठाच्या पिठात जातं.