सैल त्वचेची शस्त्रक्रिया: व्यायामाची मर्यादा, योग्य वेळ आणि व्रण

सुमारे ५० किलो वजन उतरल्यानंतर पोट, दंड व मांड्यांवर लोंबणारी त्वचा व्यायामाने आवळेल का, आवळणार नसेल तर तिन्ही भागांची शस्त्रक्रिया एकदमच उरकावी का, आणि व्रण कितपत दिसतात, असे आपण विचारले आहे. पोटाची आणि त्यानंतर बऱ्याच काळाने दंडांची शस्त्रक्रिया मी करून घेतली आहे. मांड्यांची मात्र विचारपूर्वक टाळली.

व्यायामाबद्दल खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. दीर्घकाळ ताणलेल्या त्वचेतील कोलॅजन आणि इलास्टिन यांच्या तंतूंची झालेली हानी व्यायामाने भरून निघत नाही. स्नायू वाढल्यामुळे दंड थोडे भरल्यासारखे दिसतात, परंतु ओटीपोटावरून खाली येणारी घडी आहे तशीच राहते. मलमांवर पैसे घालवू नयेत. लायपोसक्शनने चरबी निघते, त्वचा निघत नाही. त्वचा आधीच सैल असताना केवळ तेवढेच केले तर ती अधिक लोंबण्याची शक्यता असते.

पोटाच्या बाबतीत दोन शस्त्रक्रियांची नेहमी गल्लत होते. पॅनिक्युलेक्टमीमध्ये खाली लोंबणारी घडी कापून काढतात आणि स्नायूंना हात लावत नाहीत. ॲब्डॉमिनोप्लास्टीमध्ये बेंबीच्या वरची त्वचाही सोडवून खाली ओढतात, बेंबीसाठी नवे छिद्र करतात आणि एकमेकांपासून दूर गेलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात. घडीखाली वारंवार पुरळ येणे, बुरशीचा संसर्ग होणे, चालताना त्वचा घासून सोलवटणे, असा आपला मुख्य त्रास असेल, तर पहिल्या प्रकाराने तो दूर होऊ शकतो. पोट सपाट दिसावे ही अपेक्षा मात्र त्याने पुरी होत नाही. विमा लागू होण्याची थोडीफार शक्यता असते तीही पहिल्याच प्रकाराला, आणि त्यासाठी पुरळाची छायाचित्रे व उपचारांच्या नोंदी आजपासूनच जपून ठेवाव्यात. मोठ्या प्रमाणात वजन घटलेल्यांची त्वचा आडवीही सैल असते, त्यामुळे काहींना बेंबीवरून उभा छेदही घ्यावा लागतो, हे फार थोड्या जणांना आधी ठाऊक असते.

आपले वजन अजून उतरत आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून माझ्या मते आपण सध्या थांबावे. वजन किमान ६ महिने स्थिर असावे, आणि ते बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवर होणाऱ्या, शस्त्रक्रियेने उतरले असेल तर त्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने जाऊ द्यावेत, असा सर्वसाधारण प्रघात आहे. वजन आणखी उतरले तर त्वचा पुन्हा सैल पडते, आणि वाढले तर केलेले काम बिघडते. नजीकच्या काळात गर्भधारणेचा विचार असेल तर पोटाची शस्त्रक्रिया त्यानंतरच करावी. मधल्या काळात हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने तपासून घ्यावीत, कारण वजन पुष्कळ उतरलेल्या माणसाच्या रक्तात यांची उणीव सहज आढळते, आणि प्रथिने कमी असली तर जखम भरायला वेळ लागतो. धूम्रपान शस्त्रक्रियेच्या निदान ४ आठवडे आधीपासून पूर्ण बंद हवे; निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि ओढून शिवलेल्या त्वचेच्या कडा मरू शकतात. वजनासाठी इंजेक्शने घेत असाल तर भूलतज्ज्ञांना तसे आवर्जून सांगावे, कारण काही औषधांमुळे जठर उशिरा रिकामे होते.

सर्व भाग एकाच वेळी करण्याच्या मी विरोधात आहे. भूल जितकी लांबते तितका रक्तस्राव आणि पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे कारण शल्यचिकित्सक सांगतीलच. त्याखेरीज एक व्यावहारिक अडचण असते. पोटाला टाके असताना अंथरुणातून उठण्यासाठी सगळा भार हातांवर घ्यावा लागतो. दंडांनाही टाके असतील तर तो कशावर घेणार? सुरुवातीचे दिवस कमरेत वाकूनच चालावे लागते, द्रव वाहून जाण्यासाठी लावलेल्या नळ्या साधारण एक-दोन आठवडे अंगावर वागवाव्या लागतात, आणि घट्ट पट्टा व जड वस्तू न उचलण्याचे बंधन सुमारे ६ आठवडे चालते. नळ्या काढल्यावरही त्वचेखाली पाणी साचू शकते. तो या शस्त्रक्रियेतील अतिशय सामान्य उपद्रव आहे आणि सुईने ते काढता येते. एका पायाला सूज व वेदना, किंवा अचानक दम लागणे, ही लक्षणे मात्र वेगळी: तेव्हा तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तात्काळ रुग्णालय गाठावे.

आता व्रणांविषयी. पोटाचा आडवा व्रण लांब असला तरी अंतर्वस्त्राखाली झाकतो, म्हणून तो मला कधीच जड वाटला नाही. दंडाचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत जातो आणि हात वर केला की दिसतो. पहिले कित्येक महिने तो लाल व जाडसर होता, आणि तो फिकट होण्यास वर्ष-दीड वर्ष लागू शकते हे गृहीत धरूनच मी तयार झाले होते. बिनबाह्यांचे कपडे घालण्याच्या इच्छेने कोणी दंडांची शस्त्रक्रिया करणार असेल, तर हा सौदा नीट तोलून पाहावा. मला त्वचेच्या वजनापासून आणि घर्षणापासून सुटका हवी होती, ती मिळाली. मांड्यांचा छेद जांघेतून जातो, जिथे ओल आणि घर्षण कायम असते, त्यामुळे तेथील जखम उकलण्याचे प्रमाण अधिक असते आणि पायांवर सूजही रेंगाळू शकते. माझा त्रास लांब पायांच्या घट्ट अंतर्वस्त्राने निभण्याजोगा होता. बेंबीखाली माझी संवेदना अजून बोथट आहे. आपल्याला केलॉइडची, म्हणजे व्रण फुगून वाढण्याची, प्रवृत्ती असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

शल्यचिकित्सकांकडे छायाचित्रे मागताना, प्रसूतीनंतर पोट सुटलेल्यांची नव्हे, तर आपल्याइतकेच वजन घटलेल्या रुग्णांची मागावीत, आणि तीही निदान एक वर्षानंतरची. दुरुस्तीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च कोणी करायचा, हेही आधीच लेखी घ्यावे.