वाचकांचे प्रश्न : तिकीट नाही, पाकीट नाही, तरी पत्र अस्सल

मागच्या अंकात जहाजी टपालाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की आजचं सगळं सदर त्यालाच देतेय. बहुतेकांना गुलामगिरीच्या आणि वसाहतींच्या काळातली पत्रं जमवायचीयत, काहींनी सुरुवात केलीय आणि ते अडकलेत.

प्रश्न : ताई, ऑनलाइन लिलावात १८२९ चं एक पत्र घेतलं, जमैकातल्या किंग्स्टनहून लंडनला गेलेलं. त्याला तिकीट नाही, पाकीट नाही, नुसता घडी घातलेला कागद, मागे लाखेचा डाग, पुढे शाईने कायतरी आकडा गिरवलाय आणि एक ‘शिप लेटर’ असा शिक्का. मित्र म्हणतात फसलास. खरंच फसलो का?

उत्तर : अहो नाही, उलट त्यावर तिकीट असतं तर मी घाबरले असते! जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, पेनी ब्लॅक, आलं मे १८४० मध्ये, म्हणजे तुमच्या पत्रानंतर ११ वर्षांनी. त्याआधी ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा पैसे पत्र मिळणाऱ्याने द्यायचे, आणि ते मोजायचे किती अंतर आणि किती कागद यावर. पाकीट घातलं की तो दुसरा कागद धरला जायचा आणि खर्च डबल, म्हणून लोक त्याच कागदाची घडी घालून, बाहेर पत्ता लिहून लाखेने बंद करायचे. शाईचा आकडा म्हणजे लंडनच्या माणसाने मोजायचे शिलिंग आणि पेन्स. ‘शिप लेटर’चा अर्थ हे सरकारी टपाल नेणाऱ्या ‘पॅकेट’ बोटीने न येता खाजगी व्यापारी जहाजाने आलं, कप्तानाने बंदरावर टपालात दिलं आणि त्याबद्दल त्याला पत्रामागे दोन पेनी मिळाले. शिक्क्यात बंदराचं नाव दिसतंय का बघा, लिव्हरपूल, ब्रिस्टल असं काही असलं तर वाट कळते.

पण खरं सांगू का, शिक्क्यावर अडकू नका, आत काय लिहिलंय ते वाचा. माझ्याकडे त्याच दशकातलं एक पत्र आहे, मळ्याच्या कारभाऱ्याने इंग्लंडातल्या मालकाला लिहिलेलं. पहिलं पान पाऊस किती पडला, उसाचं काय झालं. दुसऱ्या पानावर साखरेची पिंपं किती जहाजावर चढली, रम किती. मग कागद वाचवायला त्याने पान आडवं धरून आधीच्या ओळींवरूनच उभ्या ओळी लिहिल्यात (भिंगाशिवाय वाचता येत नाही, डोकं दुखतं), आणि तिथे, त्या जाळीत, माणसांची यादी. नाव, वय, कामाला किती उपयोगाचा. आडनाव कुणालाच नाही. त्यात एक ‘कफी’ आहे. ते मूळ आकान भाषेतलं नाव, शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं, आजच्या घानाच्या बाजूचं. मी ते नाव वाचलं आणि पत्र खाली ठेवलं, त्या दिवशी पुढे वाचलंच नाही. डीलरने वर्णनात लिहिलं होतं, ‘सुरेख शिक्का, हलका डाग’. बस.

प्रश्न : एक विक्रेता पत्राला ‘गुलाम जहाजाचं पत्र’ म्हणून तिप्पट किंमत सांगतोय. तारीख १८२२, जहाज ब्रिटिश, साखर घेऊन आलेलं. घ्यावं का?

उत्तर : पत्र वाईट नसेल, लेबल मात्र शंकेचं आहे. ब्रिटिश जहाजांनी आफ्रिकेतून माणसं नेऊन विकण्यावर १८०७ मध्येच कायद्याने बंदी आली होती. चोरून धंदा चालला, पण १८२२ मध्ये उजळ माथ्याने साखर घेऊन आलेलं ब्रिटिश जहाज म्हणजे गुलाम जहाज, असं म्हणायला काहीतरी पुरावा लागतो. लक्षात घ्या, व्यापार १८०७ ला बंद झाला तरी ब्रिटिश वसाहतींतल्या मळ्यांवरची गुलामी तशीच चालू होती, ती कायद्याने संपायला १ ऑगस्ट १८३४ उजाडला, आणि त्यानंतरही ‘अ‍ॅप्रेंटिस’ (शिकाऊ कामगार) असं गोंडस नाव देऊन १८३८ पर्यंत लोकांना मालकाकडे राबवलंच. म्हणजे तुमचं पत्र गुलामीच्या साखरेचं नक्की असू शकतं, फक्त ‘गुलाम जहाज’ हे तिप्पट किमतीसाठी चिकटवलेलं वाटतंय.

तपासायचं कसं? आफ्रिकेतून माणसं नेणाऱ्या जहाजांचा ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ नावाचा फुकट डेटाबेस ऑनलाइन आहे, ३६ हजारांवर फेऱ्या आहेत त्यात, जहाज आणि कप्तानाच्या नावाने शोधता येतं. गुलामांच्या मालकांची नावं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या डेटाबेसमध्ये बघा. १८३४ नंतर ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, गुलामांना नव्हे हो, मालकांना, आणि त्या दाव्यांची यादीच तिथे आहे. राबलेल्यांना छदाम मिळाला नाही. त्यामुळे १८३४ ते १८३७ दरम्यानच्या पत्रात दावा क्रमांक, वकील, पैसे कधी येणार असली रडगाणी दिसली तर ते पत्र सोडू नका, दिसायला साधं असतं, स्वस्त मिळतं, आणि नाव डेटाबेसशी जुळलं तर त्या मळ्यावर किती माणसं होती तेही समोर येतं. १८३२ च्या सुरुवातीची जमैकाची पत्रंही तशीच, १८३१ च्या नाताळात सॅम शार्पच्या नेतृत्वाखाली तिथल्या गुलामांनी मोठा उठाव केला होता आणि मालकांची भीती ओळीओळीतून दिसते.

अमेरिकन पत्रं घेताना शब्द सांभाळून वाचा. तिथे ‘गुलाम’ हा शब्द क्वचितच भेटतो, ‘हँड्स’, ‘सर्व्हंट’, ‘पीपल’ असं लिहायचे. ‘दहा चांगले हँड्स हवेत’ म्हणजे हात नाही, माणसं.

प्रश्न : गुलाम माणसांनी स्वतः लिहिलेली पत्रं मिळतात का? मला तीच जमवायचीत, मालकांची नको.

उत्तर : मिळतात, पण फारच थोडी, आणि जी आहेत त्यातली बहुतेक आर्काइव्हमध्येच आहेत. कारण उघड आहे, अमेरिकेच्या दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी त्यांना लिहायला शिकवणंच गुन्हा होता. साऊथ कॅरोलिनाने १७४० मध्येच गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी घातली. टपालापासूनही त्यांना लांब ठेवलं. १८०२ मध्ये अमेरिकेत कायदा केला की टपाल वाहून न्यायचं काम फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसानेच करायचं, आणि पोस्टमास्टर जनरल गिडियन ग्रेंजरने कारण लेखी दिलंय, काळी माणसं टपाल घेऊन गावोगाव फिरली तर त्यांना माहिती मिळेल, एकमेकांशी संपर्क होईल आणि उठाव करतील. तो कायदा १८६५ पर्यंत टिकला! म्हणजे टपालाची ताकद सरकारला बरोबर कळली होती.

जुलै १८३५ मध्ये साऊथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला तर जमावाने पोस्ट ऑफिसात घुसून गुलामीविरोधी पत्रकांच्या पिशव्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी जाळल्या. म्हणून तसली, दक्षिणेत पोचलेली पत्रकं आज इतकी दुर्मीळ.

‘गुलामाचं अस्सल पत्र’ म्हणून कुणी स्वस्तात दिलं तर दोनदा विचार करा. त्यापेक्षा गुलामीविरोधी चळवळवाल्यांची पत्रं बघा. १७८७ पासून ब्रिटनमध्ये गुडघे टेकलेला, साखळीतला माणूस आणि ‘मी माणूस नाही का, भाऊ नाही का’ ही ओळ असलेलं चित्र चळवळीची मोहोर म्हणून वापरलं गेलं. लाखेवर तो ठसा शाबूत असलेलं पत्र हातात घेतलं की मला अजून काटा येतो.

जाता जाता, हेन्री ब्राऊन नावाचा माणूस मार्च १८४९ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडहून लाकडी खोक्यात बसून स्वतःलाच फिलाडेल्फियाला पार्सल करून पळाला, सत्तावीस तास आत होता. खाजगी पार्सल कंपनीने नेलं, तेव्हा त्याचा पोस्टाचा शिक्का शोधत बसू नका.

प्रश्न : दुःखाच्या वस्तू पैसे देऊन विकत घेणं बरोबर आहे का? घरचे टोचतात.

उत्तर : टोचू दे, प्रश्न बरोबरच आहे. माझं मत सांगते, कपाटात लपवून किंमत वाढायची वाट बघणं मला पटत नाही. मी प्रत्येक पत्राची दोन्ही बाजूंची स्कॅन काढते, मजकूर टाइप करते, आतली नावं वेगळ्या वहीत उतरवते, आणि कुणी संशोधक किंवा वंशज मागायला आला तर देते. आणि ज्या पत्रावर आर्काइव्हचा शिक्का किंवा खोडलेला क्रमांक दिसतो ते हातात घेत नाही, चोरीचं असू शकतं.

प्रश्न : आजोबांकडे ब्राझीलचं १८४० च्या दशकातलं पत्र होतं, मी लहानपणी त्यावरचं तिकीट पाण्यात भिजवून काढलं. आता काय?

उत्तर : अरेरे! अहो ब्राझीलने १८४३ मध्ये तिकिटं काढली, ब्रिटनच्या मागोमाग, आणि तिथे गुलामी १८८८ पर्यंत होती, म्हणजे ४५ वर्षं तिकिटं आणि गुलामी एकत्र चालली. तिकीट सुटं झालं की ते नुसतं तिकीट, कुणी कुणाला काय लिहिलं ते सगळं त्या कागदावर. कागद अजून आहे ना? मग तिकीट परत चिकटवू नका, डिंक तर अजिबात नको. अ‍ॅसिड नसलेल्या कागदाच्या घडीत पत्र ठेवा, वर पॉलिएस्टरचं कव्हर घाला, पीव्हीसीचं नको, ते कालांतराने चिकट होतं, आणि तिकीट त्याच कव्हरमध्ये वेगळ्या छोट्या घडीत. सोबत चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा, कधी काढलं, कुठल्या कोपऱ्यातून.