खोपोलीला रूळ का संपतात?

प्रश्न : ताई, महडच्या वरदविनायकाला जाताना यंदा पहिल्यांदाच लोकलने खोपोलीला उतरलो. समोर घाटाची भिंत, वर खंडाळा, आणि रूळ मात्र स्टेशनातच संपलेले. पुण्याची गाडी इथूनच वर का नेली नाही? आणि एवढ्याशा स्टेशनासाठी वेगळा फाटा काढायचं कारण काय?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : खोपोलीची लाईन आधीची, पुण्याची नंतरची. मी खोपोलीची. कर्जतच्या शाळेत शिकवायला वर्षानुवर्षं इथल्या शटलने गेले. आमच्या स्टेशनाला कुणी ‘एवढंसं’ म्हटलं की मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एप्रिल १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली आणि तीनच वर्षांत, मे १८५६ मध्ये, रूळ पळसदरीवरून खोपोलीला पोचले. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव ‘कॅम्पूली’ असं लिहिलेलं आढळतं. इथंच का आले, तर बोरघाटाची वाट इथून चढते. पेशवाईत नाना फडणवीसांनी इथं तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं, ती दोन्ही अजून आहेत. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. घाट चढण्याआधी माणूस खोपोलीला टेकायचा, तशी रेल्वेही टेकली.

जून १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट तसाच राहिला. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची. जवळजवळ पाच वर्षं मुंबई-पुणे प्रवास असा चालला. तेवढा काळ देशावर जायचं दार खोपोलीच होतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. रस्ता वळणं घेत उभा चढू शकतो, रेल्वेला ते झेपत नाही. बोरघाटातला सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक, म्हणजे ३७ फूट पुढं गेल्यावर १ फूट वर. एवढ्या चढानं सुमारे १८०० फूट उंची गाठायची, तर चढाई बरीच मागून सुरू करावी लागते. खोपोलीत पोचेपर्यंत कडा अंगावर आलेला असतो. म्हणून लाईन पळसदरीच्या बाजूनं डोंगराच्या अंगाअंगानं वर नेली आणि २५ बोगदे खणले. खंडाळ्याजवळ वळायलाही जागा नव्हती, तिथं गाडी उलट दिशेनं पुढं काढायचं रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. पुढं नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडलं.

या कामाचा पहिला कंत्राटदार १८५९ मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, इथं आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. दोन जाणती माणसं नेमून तिनं काम पुढं चालू ठेवलं. घाटाच्या इतिहासात तिचं नाव कुठंतरी कोपऱ्यात येतं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि कॉलऱ्यानं, सुरुंगानं, कडे ढासळून जे मजूर गेले, त्यांची तर नावंही राहिली नाहीत. घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची ती दंतकथा. गाडीवाले आजही तिथं नाणं टाकतात. मला त्या देवळात हे सगळे बिननावाचे लोक दिसतात.

२१ एप्रिल १८६३ रोजी रेल्वेचा घाट खुला झाला आणि खोपोली मुख्य वाटेवरून बाजूला पडली. लाईन मात्र टिकली. १९१५ पासून लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी खोपोलीत उतरवून टाटांनी वीज केली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढं कारखाने आले, कामगार आले. माझ्या डब्यात पहाटे पाळीवरून सुटलेली माणसं बसल्या बसल्या झोपायची आणि त्यांचं स्टेशन आलं की कुणीतरी हलवून उठवायचं.

प्रश्न : लोकलनंच यायचं तर सोयीचं कसं पडेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुंबईहून थेट खोपोली लोकल दिवसाला मोजक्याच. ती चुकली तर कर्जत लोकल धरा आणि तिथून शटलनं या. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली, अंतर सुमारे १५ किलोमीटर. लाईन एकेरी, म्हणून गाड्या कमी. एक गेली की पुढची लगेच नसते, तेवढ्यात कर्जतचा वडा खाऊन होतो. कर्जतहून येताना डाव्या खिडकीशी बसा, घाट त्या बाजूला आहे. महड स्टेशनापासून जवळ आहे, रिक्षा मिळतात. पालीला जायचं असेल तर एसटी स्टँडवर चौकशी करा. पुण्याकडच्यांनी मात्र लोणावळ्याला उतरून एसटीनं घाट उतरावा, तेच सोपं. आणि परतीच्या शेवटच्या शटलची वेळ आल्या आल्या खिडकीवर विचारून ठेवा.