सोलापुरात बालगृहातल्या मुलांना वाढदिवसाचं जेवण द्यायचंय, कुठे देता येईल?

जेवण जरूर द्या, पण आधी अधीक्षकांना फोन करून कशाची गरज आहे ते विचारा. मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्यांची ओळख उघड करायला मनाई आहे.

माझ्या मते खरी ओढाताण १८ पूर्ण झाल्यावर होते. बालगृह सोडल्यावर राहायला अनुरक्षण गृह असतं, पण ती सोय सहसा २१ वर्षांपर्यंतच असते, पुढे भाड्याची खोली शोधायची, तर घरमालक पहिलं विचारतो, ‘वडील काय करतात?’ तिथे जामीन राहा की! चिंचोळी एमआयडीसीत ओळख असेल तर त्यांच्या नोकरीसाठी शब्द टाका. अनाथ प्रमाणपत्र काढायलाही सोबत जा. त्यावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण मिळतं.

आणि स्टेशनवर एकटं पोर दिसलं तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन लावा, परस्पर घरी नेऊ नका.