मेल येतात, पण बाहेर जात नाहीत

प्रश्न : इतवारीत आमचं धान्याचं ठोक दुकान आहे. दुकानाच्या नावाचं डोमेन घेऊन संगणकावर थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये पीओपी खातं (मेल संगणकावर उतरवून घेणारं) जोडलं. मेल येतात. दुकानातल्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवलेले पोचतात, पण बाहेरच्या व्यापाऱ्यांना पाठवले की '५५०, रिलेइंग डिनाइड' (पुढे पाठवायला नकार) असं येतं. शिवाय संगणकावर उतरलेले मेल मोबाइलवर दिसत नाहीत.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : घरातल्या घरात मेल जातो आणि बाहेर अडतो, यातच दुखणं सापडतं. सर्व्हर स्वतःच्या डोमेनवरचा मेल ओळख न विचारताही घेतो. बाहेर धाडायचा असला की मात्र लॉगिन मागतो. नाहीतर कुणीही त्याच्यावरून स्पॅम पाठवला असता. तुमचा थंडरबर्ड जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरवर लॉगिनच करत नसावा.

थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडा. डावीकडच्या यादीत अगदी तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर' आहे. वर प्रत्येक खात्याखाली दिसतात त्या येणाऱ्या मेलच्या सेटिंग्ज, तिथे शोधत बसू नका. 'एडिट' दाबून ऑथेंटिकेशन (ओळख पटवण्याची पद्धत) 'नो ऑथेंटिकेशन' असेल तर 'नॉर्मल पासवर्ड' करा. युजरनेममध्ये बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता लागतो, नुसता @च्या आधीचा भाग नाही.

तिथेच पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ५८७ आणि सुरक्षा (मेल सांकेतिक करून नेण्याची पद्धत) स्टार्टटीएलएस ठेवा, किंवा ४६५ आणि एसएसएल/टीएलएस. जोड्यांची अदलाबदल करू नका. ४६५ वर स्टार्टटीएलएस लावलं तर प्रोग्राम सर्व्हरच्या पहिल्या ओळीची वाट पाहतो, सर्व्हर प्रोग्रामची, आणि शेवटी टाइमआउट होतो. पोर्ट २५ ला तर हातच लावू नका, घरगुती जोडणीवर तो बऱ्याचदा बंद असतो. सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) तक्रार आली तर डोळे मिटून 'अपवाद' मान्य करू नका. आधी संगणकाची तारीख बघा, मग सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्यानं दिलं तेच आहे ना ते.

मोबाइलचं कारण पीओपी. मेल उतरला की सहसा सर्व्हरवरून पुसला जातो. 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर खूण करून तात्पुरतं भागेल, पण दोन उपकरणं असतील तर आयमॅपच (मेल सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) घ्या : पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. थंडरबर्डमध्ये पीओपी खात्याचं आयमॅप करता येत नाही, त्याच पत्त्याचं नवं खातं जोडावं लागतं. जुनं खातं लगेच काढू नका, कारण उतरलेले मेल आता फक्त त्या संगणकावर आहेत. सर्व्हरवर जागा किती ते पाहून ते थोडे-थोडे नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मोबाइलवर दिसल्यावरच जुनं खातं हटवा.